जमिनीचा हिशेब आणि रविवारची प्रार्थना

एप्रिल २०२५च्या पहिल्या आठवड्यात ‘ऑर्गनायझर’ या संघाशी जोडलेल्या साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर एक लेख आला आणि दोन-तीन दिवसांत गेलाही. देशात जास्त जमीन कोणाची, वक्फ बोर्डाची की कॅथलिक चर्चची, असा त्याचा विषय. चर्चकडे ७ कोटी हेक्टर जमीन आहे आणि तिची किंमत सुमारे २० हजार कोटी रुपये आहे, असे त्यात म्हटले होते. भारताचे सगळे क्षेत्रफळ ३२.८७ कोटी हेक्टर. म्हणजे या आकड्याप्रमाणे देशाचा पाचवा हिस्सा चर्चच्या सातबाऱ्यावर चढला. महाराष्ट्र ३.०८ कोटी हेक्टरांचा आहे, तेव्हा अख्खे दोन महाराष्ट्र घेऊनही वर काही जिल्हे उरतात. आणि किंमत? हेक्टरी तीन हजार रुपयांच्याही आत. वसईत या भावात कुंपणाला तारसुद्धा येणार नाही. लेख मागे घेतला गेला, वर्तमानपत्रांत दोन दिवस चर्चा झाली, विरोधी पक्षांनी ‘आता यांची पाळी’ म्हणून घेतले, आणि विषय संपला. राष्ट्रवादी राजकारणाला चर्चने उत्तर द्यावे कसे, हा प्रश्न मात्र उरला. आकडा हास्यास्पद होता म्हणून तो लक्षात राहिला नाही. लक्षात राहिली ती तारीख.

कारण त्याच आठवड्यात वक्फ सुधारणा विधेयक संसदेत मंजूर झाले होते. लोकसभेत ३ एप्रिलच्या पहाटे २८८ विरुद्ध २३२, राज्यसभेत ४ एप्रिलच्या पहाटे १२८ विरुद्ध ९५. आणि त्याच्या काही दिवस आधी, मार्चअखेर, केरळच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या राज्यातल्या खासदारांना आवाहन केले होते की या सुधारणेच्या बाजूने मत द्या. देशभरच्या बिशपांच्या परिषदेनेही त्याच सुराचे निवेदन काढले. कारण होते मुनंबम. एर्नाकुलम जिल्ह्यातला समुद्रकाठ, वादात असलेली ४०४ एकर जमीन, सुमारे ६०० कुटुंबे, त्यांतली बहुतेक लॅटिन (रोमच्या उपासनापद्धतीचे) कॅथलिक, मासेमारीवर जगणारी, काही हिंदूही. १९५० साली ही जमीन फारूक कॉलेजला दिली गेली. त्या दस्ताचा अर्थ वक्फ (धर्मकार्यासाठी कायमची वाहिलेली मालमत्ता) असा घ्यायचा की साधी देणगी, यावर सगळा तंटा. पुढे कॉलेजकडून लोकांनी पैसे मोजून जमिनी विकत घेतल्या, घरे बांधली, आणि २०१९मध्ये वक्फ बोर्डाने ती मालमत्ता आपल्या नोंदवहीत घेतली. महसूल खात्यात कर भरता येईना. कर भरता आला नाही की कर्ज नाही, विक्री नाही, मुलीच्या लग्नासाठी घर गहाण ठेवता येत नाही. ऑक्टोबर २०२४पासून तिथे साखळी उपोषण सुरू झाले. चर्चच्या अंगणात मांडव, खुर्च्या, पाळीपाळीने बसणाऱ्या बाया.

त्या बायांचे दुःख खरे आहे, हे आधी म्हणायला हवे. बिशपांनी त्यांच्या बाजूने उभे राहणे चुकीचे नव्हते; उभे राहिले नसते तर ते कशाचे मेंढपाळ? खटकते ते पुढचे पाऊल. ६०० घरांचा प्रश्न सोडवण्यासाठी देशभरच्या दुसऱ्या एका समाजाच्या धार्मिक मालमत्तांचा कायदा बदलण्याला पाठिंबा द्यायचा, आणि त्या समाजाला त्याबद्दल काय वाटते हे निवेदनात एका ओळीनेही विचारायचे नाही. दुसरी वाट अजिबात नव्हती असेही नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये मुस्लिम लीगचे नेते कोचीत लॅटिन बिशपांना भेटायला गेले होते, बोलणी करून तोडगा काढू म्हणत होते. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमला होता. ही वाट लांबची, कंटाळवाणी, दस्त तपासण्याची आणि दोन्हीकडच्या वकिलांना एका टेबलावर आणण्याची. कायद्याची वाट जवळची वाटली. कायदा झाला, १५ एप्रिलला केंद्रीय मंत्री मुनंबमला आले आणि म्हणाले की न्यायालयातली लढाई तुम्हाला चालू ठेवावी लागेल. म्हणजे ज्या दाराची किल्ली म्हणून हा कायदा हातात घेतला, ते दार त्याने उघडले नाहीच.

आणि मधल्या काळात दुसऱ्याच कोणीतरी चर्चच्या जमिनी मोजायला घेतल्या होत्या.

मंडळीने, म्हणजे चर्चने, राष्ट्रवादी राजकारणाला उत्तर द्यावे कसे, या प्रश्नावर लिहिणारे बहुधा ‘बोलावे की गप्प बसावे’ इथेच अडकतात. बोलणे आणि गप्प बसणे दोन्ही गणिताने करता येते. सरकारवर तुटून पडणारे निवेदनही ‘आमच्या शाळा, आमच्या नन्स, आमचा परकीय निधी’ एवढ्याच परिघात फिरत असेल तर ते सरकारची तळी उचलणाऱ्या निवेदनाचे सख्खे भावंड असते. दोघांनाही फक्त आपले अंगण दिसते. २०११च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के, महाराष्ट्रात एक टक्काही नाही. गोव्यात चौथा हिस्सा आहे, म्हणून तिथे उमेदवार मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येऊन मागच्या बाकावर बसतात. पण एकूण पाहता हितसंबंधी गट म्हणून आपण इतके लहान आहोत की त्या खेळात प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या पटावर दुसऱ्याची सोंगटी व्हावे लागते. मंडळी म्हणून मात्र संख्येची अडचण पडत नाही. तिच्याकडची साधने वेगळी आहेत. ती नीट वापरली जात नाहीत.

जर्मनीकडे पाहिल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. फक्त तिकडच्या शूर माणसांच्या गोष्टी सांगून उठायचे नाही, हिशेबाची पाने उलटायची. २० जुलै १९३३. हिटलर सत्तेवर येऊन सहा महिने झालेले. त्या दिवशी व्हॅटिकन आणि जर्मन सरकार यांच्यात करार झाला. चर्चला मिळाले काय? शाळा चालवण्याची हमी, संस्थांना संरक्षण, आपला कारभार आपण करण्याचे स्वातंत्र्य. दिले काय? कलम १६प्रमाणे नव्या बिशपाने राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची, कलम ३२प्रमाणे धर्मगुरूंनी पक्षीय राजकारणातून बाहेर पडायचे. कॅथलिकांचा सेंटर पक्ष त्याआधीच, ५ जुलैला, स्वतःहून बरखास्त झाला होता. कागदावर व्यवहार वाईट नव्हता. चार वर्षांत कराराची कलमे एकेक करून मोडली गेली, आणि मार्च १९३७मध्ये झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, रविवारी पोपचे जर्मन भाषेतले पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचावे लागले. ते गुपचूप आत आणले, गुपचूप छापले, माणसांच्या हातून पोचवले आणि एकाच सकाळी सगळीकडे वाचले, जेणेकरून पोलिसांना एक चर्च गाठून बाकीची थांबवता येऊ नयेत. पत्र कसे पोचवावे याचा तो धडाच आहे. वंशाला आणि राज्याला देव करण्याचा त्यात स्पष्ट निषेध होता. ज्यूंचे नाव मात्र नव्हते.

प्रॉटेस्टंटांकडे वेगळे घडले आणि शेवटी तसेच घडले. जुलै १९३३च्या मंडळीच्या निवडणुकांत ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाने सुमारे दोन तृतीयांश जागा जिंकल्या. मतदानाच्या आदल्या रात्री खुद्द हिटलर रेडिओवरून त्यांच्यासाठी बोलला. सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेने ठरवले की ज्यू वंशाचा माणूस पाळक (प्रॉटेस्टंट धर्मगुरू) राहू शकत नाही. याला विरोध म्हणून पाळकांची तातडीची संघटना उभी राहिली आणि मे १९३४मध्ये बार्मेन गावात सभा भरली. तिथल्या जाहीरनाम्याचा मसुदा तीन जणांच्या समितीने फ्रँकफुर्टच्या हॉटेलात बनवायचा होता. त्यांतला एक, धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ, पुढे मिस्कीलपणे सांगत असे की दुपारी दोघे लुथेरन सदस्य झोपले तेव्हा आपण कडक कॉफी आणि ब्राझिलियन सिगार घेऊन मजकूर लिहून टाकला. सहा कलमे. प्रत्येक कलमाची बांधणी एकच: आधी शास्त्रवचन, मग आम्ही काय मानतो, मग आम्ही काय नाकारतो. ही तिसरी पायरी फार महत्त्वाची. आपल्याकडची बहुतेक निवेदने दुसऱ्या पायरीवर थांबतात. ‘आम्ही शांती, बंधुभाव आणि सर्वधर्मसमभाव मानतो.’ यावर सही करायला कोणाचीच हरकत नसते, कारण त्यात नाकारलेले काहीच नसते. बार्मेनमध्ये ‘ही शिकवण खोटी आहे, ती आम्ही नाकारतो’ असे सहा वेळा म्हटले आहे, आणि काय खोटे ते लिहिले आहे.

पण त्या सहाही कलमांत ज्यूंविषयी एक ओळ नाही. मंडळीच्या आत राज्याने ढवळाढवळ करू नये, याभोवतीच सगळे कलमांचे कोट उभे. भिंतीबाहेर शेजाऱ्याचे दुकान फोडले जात होते. बार्थने १९६७मध्ये एका पत्रात कबूल केले की तो प्रश्न निर्णायकपणे मांडला नाही याचा अपराध आपल्याला फार काळ डाचत आला. त्या काळी मांडला असता तर सभेत मतैक्य झाले नसते, असेही त्याचे म्हणणे. यात एक व्यावहारिक गोष्ट दडली आहे. निवेदन एकमताने मंजूर करायचे ठरले की आधी गळतो तो बाहेरचा माणूस. समितीतल्या प्रत्येकाला आपली संस्था सांभाळायची असते. ज्याची समितीत खुर्चीच नाही त्याची ओळ खोडायला कोणाला वाईट वाटत नाही.

याउलट म्युन्स्टरचा बिशप फॉन गालेन. तो काही क्रांतिकारक नव्हता; जुन्या सरदार घराण्यातला, राष्ट्राभिमानी, रशियावरच्या युद्धाला अनुकूल. पण ३ ऑगस्ट १९४१च्या प्रवचनात त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. वेड्यांच्या इस्पितळांतून रुग्ण हलवले जातात आणि काही दिवसांनी घरी राख येते, हे त्याने सांगितले. मग दंडसंहितेचे खुनाचे कलम २११ वाचले. ज्याला खुनाचा बेत कळतो त्याने तो कळवलाच पाहिजे, असे सांगणारे कलम १३९ वाचले. आणि आपण त्याप्रमाणे २८ जुलैला सरकारी वकिलाकडे रीतसर तक्रार दिली आहे, हेही सांगितले. भावनेचे शब्द फार नव्हते. तारीख, कलम, कोणत्या इस्पितळातून किती माणसे जाणार आहेत, तक्रार कोणाला दिली. प्रवचनाच्या प्रती हातोहात फिरल्या. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रुग्णांना मारण्याचा तो सरकारी कार्यक्रम अधिकृतपणे थांबवला गेला; तोवर सुमारे ७० हजार माणसे मारली गेली होती आणि पुढेही आडवाटेने मारणे चालू राहिले. ते रुग्ण काही मतदार नव्हते, देणगीदार नव्हते, सगळे कॅथलिकही नव्हते.

इथे आपल्याकडचे काही आठवते आणि आठवताना थोडे अवघडतेही. मुंबई-ठाणे-वसईच्या मूळ मराठी कॅथलिकांनी १८८७मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. कंपनीच्या नावाची आठवण देणारे नाव, गोव्याहून येणाऱ्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे हे गोऱ्या साहेबाला कळावे, नोकऱ्यांत पुढे राहावे म्हणून. घरी बोलायचे मराठीच, लुगडेही नेसायचे मराठीच. यात हसण्यासारखे काही नाही. पोटाची अडचण होती. पण सत्तेकडे पाहून नाव ठरवण्याची ही सवय आपल्या हाडात किती खोल आहे ते यावरून कळते. त्याच दशकांत पंडिता रमाबाई मात्र १८८९च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून बसल्या, आणि १८९७च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळातल्या स्त्रियांच्या हेळसांडीविषयी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात इतके रोखठोक लिहून मोकळ्या झाल्या की गव्हर्नराला खुलासा करावा लागला आणि विषय विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, हा हिशेब त्यांनी धरला नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. देशावर प्रेम करायला मिशनऱ्याची परवानगी लागत नाही आणि ख्रिस्तावर प्रेम करायला इंग्रजी सदरा लागत नाही, हे ते कवितांतून सांगत राहिले. दोघांचेही स्वकीयांशी पटले नाही. मिशनला ते फार हिंदी वाटत, पुण्याला फार ख्रिस्ती.

आणि मे १९४९. संविधान सभेत अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकायचा ठराव. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष होते एच. सी. मुखर्जी, बंगाली ख्रिस्ती, इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी राखीव जागा सोडण्याच्या बाजूने आपले वजन टाकले. यावर आजही दोन मते आहेत. तो निर्णय भाबडा होता, असे म्हणणारे आज जास्त भेटतात, विशेषतः उत्तरेत. मला तो भाबडा वाटत नाही. गट म्हणून जगायचे नाही, हे तेव्हा ठरवले गेले होते. त्याची किंमत ज्यांनी मोजली ते मात्र त्या सभेत फारसे नव्हते: १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला, पुढे शीख आणि बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. बिशपांच्या परिषदेने २०१६मध्ये दलितांविषयीचे धोरण काढले त्यात स्वतःच मान्य केले की देशातल्या १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत आणि चर्चच्या आतही अस्पृश्यता पाळली जाते. ज्या मंडळीच्या स्मशानात काही ठिकाणी अजून भिंत आहे, तिने समतेवर पत्रक काढले की वाचणारा आधी त्या भिंतीकडे पाहतो. राष्ट्रवादाला द्यायच्या उत्तरातले हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात स्वस्त काम: भिंत पाडायला परकीय निधी लागत नाही.

आता पत्रकांविषयी. गुजरात विधानसभेच्या निवडणुकीआधी, २१ नोव्हेंबर २०१७ रोजी, गांधीनगरच्या आर्चबिशपांनी एक पत्र काढले. मतदान ९ आणि १४ डिसेंबरला. पत्रात अल्पसंख्याकांबरोबर ओबीसी आणि गरिबांच्या असुरक्षिततेचाही उल्लेख होता, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. जपमाळेच्या प्रार्थना करा, संविधानाशी प्रामाणिक माणसे निवडून येऊ देत, असेही होते. पण एका वाक्यात देशाला ‘राष्ट्रवादी शक्तीं’पासून वाचवण्याची भाषा होती. निवडणूक अधिकाऱ्यांची नोटीस आली. पंतप्रधानांनी अहमदाबादेतल्या भाषणात उत्तर दिले की अफगाणिस्तानात आणि येमेनमध्ये अडकलेल्या फादरांना सोडवून आणले ते राष्ट्रभक्तीनेच. बघता बघता प्रश्न पत्रात मांडलेल्या चर्चवरच्या हल्ल्यांचा उरला नाही, आर्चबिशपांच्या देशप्रेमाचा झाला.

पत्र चुकले कुठे? धैर्यात नाही. तीन जागी चुकले. पहिली, वेळ: आचारसंहिता लागू असताना काढलेले पत्र कितीही सात्त्विक असले तरी प्रचार म्हणूनच वाचले जाते. त्या आचारसंहितेत मंदिर, मशीद, चर्च यांचा प्रचाराचे व्यासपीठ म्हणून वापर नको असे सरळ लिहिले आहे, आणि १९८८च्या धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्याचे कलम ३ बारा महिने लागू असते. धर्माच्या नावावर मते मागायला मनाई करणारे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) उमेदवाराला किंवा त्याच्या संमतीने बोलणाऱ्याला लागते. २ जानेवारी २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी त्याचा अर्थ मतदारांच्या धर्मापर्यंत ताणला, आणि तो खटला १९९०च्या आपल्या सांताक्रूझच्या निवडणुकीतला होता. दुसरी, नेमकेपणा: कोणते चर्च, कोणता गाव, कोणती तारीख, गुन्हा नोंदला की नाही, यातले काही दिले असते तर उत्तर देणाऱ्याला त्या गावाविषयी बोलावे लागले असते. तिसरी, मागणी: वाचणाऱ्याने सोमवारी सकाळी काय करायचे हे पत्रात नव्हते.

म्हणून जी मंडळी वर्षभर पत्रे लिहिते तिला निवडणुकीत लिहावे लागत नाही. धर्मप्रांतात (बिशपाच्या अधिकारक्षेत्रात) किंवा पाळकक्षेत्रात तीन-चार माणसांची छोटी समिती पुरते: एक वकील, एक पत्रकार किंवा मास्तर, एक बाई जिला वस्तीत काय चालले ते ठाऊक आहे, आणि शक्य तर एक बाहेरच्या धर्माचा मित्र, मसुदा वाचण्यापुरता. घटना घडल्यावर आधी माणूस पाठवायचा, मग पत्र लिहायचे. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या ध्वनिचित्रफितीवर आधारलेले पत्रक दुसऱ्या दिवशी मागे घ्यावे लागले तर पुढची दहा पत्रके कोणी वाचत नाही. पत्र ६०० शब्दांचे. वेदीवरून सावकाश वाचले तरी पाच-सहा मिनिटांत संपते, त्याहून लांब झाले की मागच्या बाकांवर मोबाइल निघतात. त्यात काय घडले, कोणाचे काय गेले, आम्ही काय नाकारतो, आम्ही स्वतः काय करू आणि कोणत्या अधिकाऱ्याकडे काय मागतो, एवढे. पक्षाचे नाव नको, पण कृतीचे नाव हवेच. वाचायचे ते सगळ्या चर्चमध्ये एकाच रविवारी. एकट्याच पाळकाने वाचले तर सोमवारी पोलिस पाटील त्याच्याच दारात.

धर्मगुरूने पक्षात जाऊ नये, हे कॅथलिकांच्या धर्मसंहितेत कलम २८७मध्ये लिहिले आहे आणि ते शहाणपणाचे आहे. पण ते कलम पुढे करून गप्प बसणारे त्याच संहितेच्या त्याच कलमाचा पहिला भाग विसरतात: न्यायावर उभी असलेली शांती माणसामाणसांत वाढवणे हे धर्मगुरूचे कामच आहे.

पत्र वर्षातून चार वेळा निघेल. रविवार बावन्न असतात. मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनांचा क्रम ठरलेला आहे: आधी चर्चसाठी, मग राज्यकर्त्यांसाठी आणि जगाच्या कल्याणासाठी, मग कोणत्याही अडचणीत असलेल्यांसाठी, शेवटी आपल्या स्थानिक समाजासाठी. चालू घडामोडींना उत्तर द्यायची जागा उपासनेने दर आठवड्याला राखून ठेवली आहे, आणि आपण ती छापील पुस्तकातल्या ‘आमच्या नेत्यांना सुबुद्धी दे’ या वाक्याने भरून टाकतो. हे वाक्य नेहरूंच्या काळीही चालले असते आणि आणीबाणीतही चालले. ही प्रार्थना बहुतेक ठिकाणी शनिवारी रात्री कोणीतरी सिस्टर किंवा तरुण संघातला मुलगा घाईघाईने लिहितो. त्याला आठवड्याची वर्तमानपत्रे द्यावीत, आणि एक साधा नियम: अडचणीतल्यांच्या प्रार्थनेत निदान एक नाव असे असावे की ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही. मणिपूरमधल्या कुकी-मैतेई हिंसाचारात होरपळलेल्यांसाठी २०२३मध्ये मुंबईपासून वसईपर्यंत प्रार्थना झाल्या, मेणबत्त्या लागल्या. त्यांत बहुतेक ख्रिस्ती असलेले कुकी होते. इम्फाळ खोऱ्यात ज्या मैतेई ख्रिस्त्यांची चर्चेस जळाली ते फार थोड्या ठिकाणी होते, आणि डोंगरातून पळून आलेले मैतेई हिंदू त्याहून थोड्या.

प्रार्थनेला काही अर्थ नसतो असे राज्यकर्त्यांना कधी वाटत नाही. २०२२मध्ये रशियाच्या पेट्रिआर्कने (तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखाने) ‘पवित्र रशिया’साठी जी प्रार्थना सक्तीची केली तिच्यात विजय मागितला होता. मॉस्कोतल्या एका धर्मगुरूने विजयाऐवजी शांती मागितली, आणि २०२३मध्ये त्याचे पद गेले.

आपल्याकडे १५ ऑगस्टला योगायोगाने दोन सण एका दिवशी येतात: मरियामातेला स्वर्गात घेतल्याचा सण आणि स्वातंत्र्यदिन. पावसाने ओले झालेले अंगण, शेवाळावर घसरू नये म्हणून टाकलेली रेती, पांढऱ्या गणवेशातली मुले, मिस्सा संपल्यावर बाहेर येऊन झेंडावंदन, मग कागदी द्रोणात बुंदी. झेंडा अंगणात असतो, वेदीजवळ नसतो. ही जागा कोणी फार विचार करून ठरवली असेल असे नाही, पण ती अचूक आहे. जर्मनीत १९३३नंतर झेंडे वेदीशी गेले; अमेरिकेत कित्येक चर्चमध्ये वेदीच्या बाजूला राष्ट्रध्वज कायमचा उभा असतो आणि तो हलवायचा म्हटले की पाळकाची नोकरी धोक्यात येऊ शकते. आपल्या अंगणातला झेंडा मनापासून उभारावा, राष्ट्रगीत पूर्ण म्हणावे. हल्ली काही ठिकाणी निष्ठा दाखवण्याच्या घाईत तिरंगी पताका थेट वेदीच्या कठड्यापर्यंत येतात. त्या कठड्याच्या बाहेर ठेवाव्यात. कोणी विचारले तर सांगता येते: आत क्रूस असतो, आणि तो एका साम्राज्याने राजद्रोह्याला दिलेल्या शिक्षेचा आहे.

भीतीचे मात्र नाकारून चालत नाही. परकीय निधीच्या कायद्यात २०२०च्या दुरुस्तीने प्रशासनाचा खर्च ५० टक्क्यांवरून २० वर आणला आणि प्रत्येक संस्थेला दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खाते उघडायला लावले. २०२१च्या नाताळच्या दिवशी मदर तेरेसांच्या संस्थेचे नूतनीकरण नाकारले गेले आणि जानेवारीत परत मिळाले. ज्याच्या वसतिगृहात दोनशे मुली जेवतात त्या फादरला ‘धैर्य दाखवा’ म्हणणे सोपे असते. तोड एकच दिसते, आणि ती संथ आहे: ज्या कामाला आवाज लागतो ते काम देशी वर्गणीवर चालवायचे. वकिलाची फी, तथ्यशोधनाचा प्रवास, पत्रकाची छपाई, हे सगळे स्थानिक चर्चच्या दानपेटीतून निघण्याइतके लहान असते.

फादर स्टॅन स्वामींचा मृत्यू ५ जुलै २०२१ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात झाला; त्याआधी ते तळोज्याच्या तुरुंगात होते. कंपवाताने हात थरथरायचा म्हणून नळीचा पेला मागितला, आणि त्या अर्जाला उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवसांची मुदत मागितली. मराठी मंडळ्यांत त्यांच्यासाठी मिस्सा झाल्या, फोटो लागले. पण ते नेमके काय करत होते, हे किती प्रवचनांत सांगितले गेले? झारखंडच्या तुरुंगांत नक्षलवादी म्हणून डांबलेल्या आदिवासी तरुणांची ते यादी करत होते, एकेकाच्या घरी जाऊन विचारत होते, आणि त्यांचे खटले लवकर चालावेत म्हणून त्यांनी उच्च न्यायालयात याचिका घातली होती. त्या तरुणांतले बहुतेक ख्रिस्ती आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यांच्या यादीत महत्त्वाचा नव्हता. त्यांना हुतात्मा म्हणून भिंतीवर लावणे सोपे; तळोज्यात, आर्थर रोडला, कल्याणच्या आधारवाडीत जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून बसलेल्या माणसांची यादी करणे चिकाटीचे काम आहे. तुरुंग सेवेचे स्वयंसेवक आपल्याकडे आहेत. नाताळला केक घेऊन ते जातात. त्यांच्यासोबत एक वकील आणि एक वही गेली तर तेवढ्यानेच पुष्कळ होईल.

२५ जुलै २०२५ला छत्तीसगडमध्ये दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन नन्सना अटक झाली. आरोप मानवी तस्करीचा आणि धर्मांतराचा. संसदेबाहेर खासदार उभे राहिले, बिशपांच्या परिषदेने पत्रक काढले, मुंबईतही निषेध झाला. आठ दिवसांनी, २ ऑगस्टला, बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने जामीन दिला. ‘दोन नन्सना न्याय’ हे शब्द फलकांवर सगळीकडे होते. त्यांच्याबरोबर त्याच गुन्ह्यात, त्याच स्थानकावर एक आदिवासी तरुणही पकडला गेला होता. बहुतेक फलकांवर तो नव्हता. जामिनाचा आदेश तिघांसाठी होता.